सेलमध्ये कुणी नाही

आमच्या लॅबमधलं उष्णता मोजायचं मशीन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, असं माझा सहकारी गुरु नव्या माणसांना सांगतो. साफ खोटं आहे. ते माझंही ऐकत नाही. मी त्याच्यापेक्षा थोडी जास्त हट्टी आहे, एवढंच.

दिसायला मशीन काही खास नाही. आत दोन इवलेसे सेल असतात, चमचाभर पाणीसुद्धा मावणार नाही एवढे. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात प्रोटीन. दोन्ही सेल सारखेच गरम ठेवायचे हे मशीनचं काम. मग वरून बारीक सुईनं औषधाचा थेंब प्रोटीनमध्ये सोडायचा. औषधाचा रेणू प्रोटीनला जाऊन बसला की किंचित ऊब सुटते. हाताला काय, साध्या थर्मामीटरलाही कळणार नाही इतकी किंचित. मशीनला मात्र कळते आणि ते पडद्यावर खाली जाणारा एक दात काढतं. दुसरा थेंब, दुसरा दात. सुरुवातीला सगळ्या जागा रिकाम्या असतात म्हणून दात लांब असतात. जागा भरत जातात तसे ते आखूड होत जातात. ती उतरण पाहून आम्ही सांगतो की हे औषध या प्रोटीनला धरतं की नाही, आणि धरलं तर किती घट्ट.

सेलमध्ये कुणीच नसेल, नुसतं बफर म्हणजे क्षारांचं पाणी असेल, तर सगळे दात सारखेच आणि नावापुरते येतात. याला ब्लँक म्हणायचं. खऱ्या रनच्या, म्हणजे खऱ्या मोजणीच्या, आधी ब्लँक घ्यायचाच. नाहीतर आपण काय मोजतोय ते आपल्यालाच कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात हैदराबादच्या एका कंपनीनं आमच्याकडे सोलापूरजवळ चिंचोळीला एक नवा रेणू तपासायला पाठवला. बाटलीवरचा कागद वाचला आणि मी खुर्चीत बसले. ज्या आजारासाठी तो रेणू होता, त्याच आजारानं माझी अव्वा गेली होती.

आमच्या घरात कानडी आणि दाराबाहेर मराठी, त्यामुळे आईला मी अव्वाच म्हणायचे. जगदेवी तिचं नाव. तिचा आजार तिच्या माहेरातून आला होता. अक्कलकोटच्या पुढच्या त्या गावात तिचे भाऊ, मावशा, सगळ्यांचे पाय चाळिशी-पन्नाशीत बधिर व्हायचे आणि सगळे म्हणायचे, वारं लागलंय. अव्वाचं पहिल्यांदा लक्षात आलं ते एका मे महिन्यात. भर दुपारी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला ती अनवाणी गेली आणि निवांत खाली आली. संध्याकाळी बघतो तर दोन्ही तळव्यांना टरटरून फोड आलेले. आम्ही आरडाओरडा केला तर म्हणते कशी, "आमची कातडी जाड हाय गं सिद्दी. तुमच्यासारखी लोण्याची न्हाय." पुढं हातांचंही तेच झालं. एकदा भाकरी परतताना तिची बोटं तव्याला टेकून राहिली होती. ती माझ्याकडे बघून बोलत होती आणि घरभर करपल्याचा वास सुटला होता. मला वाटलं, भाकरी करपली.

शेवटी हृदय गेलं. निदान झालं ते पुण्यात, फार उशिरा. रक्तातून फिरणारं एक प्रोटीन असतं, चार तुकडे एकमेकांना धरून बसलेले. अव्वाच्या माहेरच्यांत त्या प्रोटीनचं एक अक्षर बदललेलं होतं, त्यामुळे चौघांची पकड सुटायची. सुटलेले तुकडे नसांवर आणि हृदयावर साचत जायचे. सगळ्यात आधी गरम-गार कळणं जातं. पोटच्या पोरांना हे यायची शक्यता निम्मी, असं डॉक्टर म्हणाले. अव्वाला पोटचं पोर एकच, ते म्हणजे मी, सिद्धेश्वरी.

मी रक्त तपासून घेतलं नाही. अव्वाला जाऊन सात वर्षं झाली तरी घेतलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांत डोकं घालून बसते, पण स्वतःचा एक आकडा बघायची हिंमत झाली नाही.

त्यावरून माझ्या मुलीचं आणि माझं वाजायचं. उत्कर्षा फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यजमान श्रीपूरच्या साखर कारखान्यात केमिस्ट, रविवारी घरी येतात. त्यामुळे आठवडाभर जुळे सोलापुरातल्या घरात आम्ही दोघीच आणि आमचा वाद. त्या संध्याकाळीही मी उभं राहून आंबलेले पाय गरम पाण्याच्या टबात सोडून बसले होते, तर ही दोन काचेच्या नळ्या घेऊन समोर. एकीत गरम पाणी, दुसरीत गार.

"आई, डोळे मिट. पायाला लावते. गरम की गार, एवढंच सांग."

"मी काय तुझी पेशंट आहे का?"

"प्रॅक्टिकल आहे. वर्गातल्या सगळ्यांचं करून झालंय."

"मग माझंच कशाला उरलंय?" मी तिचा हात झटकला. एक नळी फरशीवर पडून फुटली. तिनं काचा उचलल्या. मग टब उचलायला गेली आणि तिनं बोटं झटकली. म्हणाली, "बाई गं, कढत आहे की अजून."

"लोण्याची कातडी तुम्हा पोरींची," मी म्हणाले.

ती थांबून माझ्याकडे बघत राहिली. "आई, तू नाही तपासलंस तर मी तपासणार. दिवाळीच्या आत. माझ्यात निघालं तर ते कुणाकडून आलं हे वेगळं विचारायला नको."

मी तिच्याशी सौदा केला. म्हटलं, थोडं थांब. नवा रेणू आलाय, त्या चार तुकड्यांना सुटू न देणारा. अव्वाच्या जातीच्या प्रोटीनला तो धरतो की नाही, एवढं कळू दे. मग आपण दोघी जाऊ. मला नुसतं 'आहे' असं ऐकायचं नाही. 'आहे, पण त्याला धरणारं काहीतरी आहे' असं ऐकायचंय. मशीनमध्ये धरलेला रेणू आणि दुकानातली गोळी यांत किती वर्षं जातात हे मला पाठ आहे. बाजारात आज आहेत ती औषधं अव्वाच्या प्रकारावर कुणी पाहिली नव्हती, हेही माहीत होतं. पण भिणाऱ्या माणसाला धरायला काहीतरी लागतंच. उत्कर्षा म्हणाली, "दिवाळीपर्यंत."

हैदराबादकरांना मी पटवलं की नेहमीच्या प्रोटीनबरोबर हा एक प्रकारही बघू. गुरुनं ते प्रोटीन तयार केलं. एका अक्षराचा फरक करून बॅक्टेरियात वाढवायचं आणि गाळून शुद्ध करायचं, हे त्याचं काम. नळी माझ्या हातात दिली तेव्हा मी ती जरा जास्तच वेळ धरून उभी राहिले.

"मॅडम, हे अव्वांचं न्हाय हो," तो हळूच म्हणाला. "बॅक्टेरियांनी केलंय की हे."

"कळतं मला." कळत होतंच. पण नळीवर नाव लिहिताना माझ्या हातून नमुना क्रमांकाच्या जागी 'अव्वा' पडलं, आणि मी ते खोडलं नाही.

सुट्ट्यांच्या आधी उरकायचं म्हणून ब्लँक मागाहून घ्यायचं ठरवलं, आणि पहिला रन लावला तो खंडेनवमीच्या सकाळी. रन मी सदतीस अंशांवर ठेवला, अंगातल्या उबेइतका. नेहमी आम्ही पंचवीसवर ठेवतो. तो अर्धा झाला असेल-नसेल, तेवढ्यात बजाबाई ताट घेऊन आली. बजाबाई कुंभारीहून येते, लॅब झाडते-पुसते, आणि खंडेनवमीचा सगळा कारभार तिच्याकडे. लॅबच्या साहेबांना दुपारी तुळजापूरला जायचं होतं म्हणून पूजा लवकर उरकायची ठरली. बघता बघता प्रत्येक मशीनला हळद-कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, समोर नारळ फुटला. आमच्या मशीनला तिनं वरून विभूतीची तीन बोटंही ओढली. म्हणाली, "तुमच्यात लावत्यात की."

रन संपल्यावर उतरण दिसत होती, पण ब्लँकशिवाय ती खरी मानता येत नव्हती. मी सेल धुवायला उठले तर तिनं माझा हातच धरला. "ताई, आता न्हाय. पुजलेल्या हत्याराला दसरा हुस्तोवर हात लावायचा न्हाय. इसावा असतोय त्याला."

शास्त्र शिकलेली बाई मी. धुवून टाकायला दहा मिनिटं लागली असती. पण लहानपणापासून खंडेनवमीला घरातली विळी आम्ही उचललेली नाही. गुरुच्या घरी माग आहेत, तिथंही त्या दिवशी धोटा कुणी फेकत नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही मुकाट्यानं बाहेर पडलो. पुजलेलं मशीन बंद करायचंही कुणाच्या मनात आलं नाही. नवमी, दसरा, मग शनिवार-रविवार. तेवढे दिवस अव्वाचं प्रोटीन सेलमध्ये सदतीस अंशांवर बसून राहिलं.

सोमवारी मी सेल नेहमीसारखा धुतला आणि ब्लँक लावला. गुरु शेजारी उभा होता. पहिला दात पडला तो लांब. दुसरा त्याहून किंचित आखूड. तिसरा आणखी आखूड.

"मॅडम, सेलमध्ये काय घातलंय?"

"काही नाही. नुसतं बफर."

"कुणीच न्हाय आत?"

"नाही म्हटलं ना."

"मग हे कुणाला धरतंय?"

पडद्यावर दात पायरीपायरीनं उतरत होते. अव्वाच्या प्रोटीनचा नवमीचा रन होता, त्याची हुबेहूब उतरण. फक्त लहान. बफर बदललं, सेल परत धुतला, परत ब्लँक. परत तेच.

काय झालं असणार ते दोघांनाही लगेच समजलं. त्या चार दिवसांच्या उबेत प्रोटीन सेलच्या भिंतींना जाऊन चिकटलं होतं आणि साध्या धुण्यानं निघत नव्हतं. अव्वाच्या नसांवर जे साचलं, त्याच जातीचं हे साचणं. म्हणजे भूत वगैरे काही नव्हतं. नीट कारण असलेली गोष्ट होती. तरी रात्री अंथरुणावर पडले की मला गुरुचाच प्रश्न ऐकू यायचा. कुणीच नाही आत?

मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनीअरला फोन केला. तो म्हणाला, तिखट साबणाचं पाणी भरा, साठ अंशांवर तासभर तापवत ठेवा, मग ॲसिड. सगळं निघून जाईल. गुरु म्हणाला, आजच करून टाकू. मी म्हटलं, उद्या.

उद्याचं परवा झालं. मी कारणं सांगत गेले. साबण मागवायचाय, आधी दुसरं काम संपवू, ॲसिडनं सेल खराब होईल. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. दुपारी सगळे डबे घेऊन कँटीनला गेले की मी मागं राहायचे आणि एक ब्लँक लावायचे. एसीची घरघर आणि सुई आत ढवळतेय तो बारीक आवाज, एवढंच असायचं. थेंब पडायचा आणि दात उतरायचा. मी तिथं आहे हे ओळखल्यासारखा. सात वर्षांत स्वप्नातसुद्धा न आलेली माझी आई पडद्यावर मला उत्तर देत होती, असं मला वाटायचं. आणि ते वाटणं मला सोडायचं नव्हतं.

"ऊटा आतेन, अव्वा?" मी एक दिवस विचारलं. जेवलीस का. माझा स्वतःचा आवाज ऐकून मी दचकले. त्याच दुपारी सुईनं थेंब सोडायच्या आधीच एक दात पडला. ऊब सुटली, पण औषध अजून वरच होतं. मी उठून मागं भिंतीला टेकले. लॅबमध्ये करपल्याचा वास येत होता. खिडकी उघडली, तरी येत होता. मग पुढचा थेंब वेळेवर पडला, पुढचा दात वेळेवर उतरला, आणि मी कपाळावरचा घाम पुसला.

"बुडबुडा असंल," आलेख बघून गुरु म्हणाला. मग त्यानं खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. एरवी तो बसत नाही. "मॅडम, तुम्ही डब्याच्या टायमाला काय करताय ते मशीनमध्ये नोंदलं जातंय. मी कुणाला बोललो न्हाय. पण बाटली बघितली का? रेणू संपत आलाय. एक ब्लँक अन् एक खरा रन, एवढाच उरलाय."

"मागवू आणखी."

"मागवलाय मी. पुढची खेप मार्चात, म्हणाले."

मार्च. उत्कर्षाची मुदत दिवाळीची होती. मी दुपारच्या दुपारी एक-एक थेंब करून काय उधळलं ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी गुरुवरच ओरडले. एवढं दिसत होतं तर आधी का नाही बोललास, असं काहीबाही. त्यानं ऐकून घेतलं.

"मला वाटलं, तुमचं भेटून झालं की तुम्हीच थांबाल," तो म्हणाला.

माझा राग जागच्या जागी बसला. मी म्हटलं, साबण काढ.

तिखट साबणाचं पाणी सेलमध्ये भरलं, तापमान साठवर नेलं. आता करण्यासारखं काही नव्हतं, पण मी तिथून हलले नाही. अव्वाची शेवटची आंघोळ मीच घातली होती. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. तिला पाटावर टेकवून बसवली होती, आणि मी बादलीतलं पाणी हात घालघालून बघत होते, फार कढत नाही ना म्हणून. तिला हयातीतच कळत नव्हतं, आता कुठलं कळणार? तरी बघत होते. मावशी म्हणाली, बस कर गं, घाल पाणी. मला तेव्हा रडू आलं नव्हतं. ते आता आलं.

बजाबाई फरशी पुसत आली. "ताई, रडतायसा व्हय?"

"डोळ्यात साबण गेला."

"चष्मा हाय की डोळ्याला," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून ओला हात फिरवून पुढं पुसत गेली.

तासानं सेल रिकामा केला. मग ॲसिड, मग पाणी, पाणी, पाणी. निघालेलं सगळं मी टाकाऊच्या कॅनमध्ये ओतलं. शेवटचा ब्लँक लावला. पहिला दात पडला, बारीक. दुसरा तसाच. तिसरा तसाच. एका रांगेत, नावापुरते. गुरु म्हणाला, "गेलं." मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. दुसऱ्यांदा पोरकी झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खरा रन. गुरुनं अव्वाच्या प्रोटीनची ताजी नळी काढली, मी उरलेला सगळा रेणू सुईत भरला. सुई त्यानं बसवली. पहिला दात लांब पडला. मग पायरीपायरीनं उतरण. नेहमीच्या प्रोटीनपेक्षा पकड सैल होती, पण पकड होती. यावेळी शंकेला जागा नव्हती. सेल स्वच्छ होता, ब्लँक सपाट होता. रेणू माझ्या आईच्या प्रोटीनला धरत होता. मी गुरुला चहा पाजला. त्यानं वर भजीही मागवली.

संध्याकाळी उत्कर्षाला सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडली आणि लगेच बाजूला होऊन म्हणाली, "मग सोमवारी जायचं रक्त द्यायला. बोललीयेस तू."

"जाऊ. आधी रविवारी अव्वाकडे जाऊन येऊ."

दिवाळी आठवड्यावर आली होती, तरी ऊन हटायला तयार नव्हतं. आम्हाला निघायलाच उशीर झाला. बेलाची पानं घेऊन रुद्रभूमीत, आमच्या दफनभूमीत, पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. अव्वाच्या जागेवर शहाबादी फरशीचा काळा ओटा बांधलाय, मध्ये छोटं लिंग. चपला कडेला काढून मी ओट्यावर चढले. उत्कर्षाही चढली, दोन उड्या मारल्या, "आई गं" म्हणून ओरडली आणि पळत लिंबाच्या सावलीला गेली.

मी पानं वाहिली. विभूती लावली. मग उभी राहून अव्वाशी कानडीत बोलले. आमच्या भाषेत मी तिला सगळं सांगितलं. तुला त्या सेलमधून धुवून काढलं गं, माझा इलाज नव्हता. पण रेणू तुला धरतो. उत्कर्षाला काळजी नाही आता. पुष्कळ दिवसांनी मन भरून बोलले. घाई नव्हती. ऊन चांगलंच लागत होतं डोक्याला, पदर घेतला.

"आई," सावलीतून उत्कर्षाचा आवाज आला. "चप्पल घाल ना. भाजत नाही का?"

"नाही गं," मी म्हणाले.

मग मी खाली, माझ्या पावलांकडे पाहिलं.

ती सावलीतून निघाली. हातात माझ्या चपला होत्या, पण स्वतःच्या घालायचं तिला सुचलं नव्हतं. तापलेल्या मातीवरून, मग ओट्यावरून, दातओठ खात, पाय उचलत ती माझ्यापाशी आली. खाली बसली आणि माझ्या पावलाशेजारी फरशीवर तळहात टेकवला. टेकवला तसा चटका बसून मागं घेतला. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोरीचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

मला ते टबातलं कढत पाणी आठवलं. आणि लोण्याच्या कातडीचं अव्वाचंच वाक्य माझ्या तोंडून किती सहज आलं होतं, तेही आठवलं. सेलमध्ये आता कुणी नव्हतं. या फरशीखालीही मातीशिवाय काही उरलं नसणार. मी अव्वाला भलत्याच ठिकाणी शोधत बसले होते. ती इथं भर उन्हात ओट्यावर उभी होती, सदतीस अंशांवर, माझ्या आत. मला इतकी भीती वाटली की मी उत्कर्षाचा खांदा धरला.

तिनं चपला माझ्या पायांपुढं नीट ठेवल्या. मी पाय सरकवला. गेला की नाही, हे मला वाकून बघावं लागलं.

"उद्या जाऊ," मी म्हणाले. "दोघी."

ती मान हलवून उठली आणि लंगडत सावलीकडे गेली. कठड्यावर बसून तिनं पाय वर घेतले. तिचे तळवे लालभडक झाले होते. बाटलीतलं पाणी मी त्यांच्यावर ओतत होते, ती दातांवर दात दाबून हाय हाय करत होती, आणि मला उघड उघड आनंद होत होता. भाजलंय, माझ्या पोरीला भाजलंय, असं मनातल्या मनात म्हणत मी तिचे तळवे पदरानं पुसत राहिले. तिच्यासारखं बाविसाव्या वर्षी अव्वालाही भाजत होतं. मलाही.